पेडल स्टील गिटार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात अमेरिकन कंट्री संगीतातल्या स्टील गिटारवर लेख आला होता. त्यानंतर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतले बरेच जण हवाईन गिटार वाजवणारे आहेत, काहींच्या घरी परदेशातून पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचा सूर बदलता येणारी स्टील गिटार, येऊन पोचलेही आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी हवाईन गिटार वाजवतो. कंट्रीच्या जुन्या गाण्यांत एक सूर जागच्या जागी थांबतो आणि त्याच वेळी दुसरा सूर ओढल्यासारखा वर जातो. बार तिरका धरून हे जमेल का? (धरमपेठ)

उत्तर : दोन तारांपुरते थोडेफार जमेल. तीन तारांवर मात्र अडेल, कारण बार, म्हणजे तारांवर सरकवायचा धातूचा दांडा, सरळ रेषेतच राहतो. बाहेरच्या दोन तारांचे सूर तुम्ही ठरवलेत, की मधल्या तारेचा सूर आपोआप ठरतो आणि तो बहुतेकदा नको तिथे पडतो. पेडल स्टीलमध्ये यासाठी बार हलवावाच लागत नाही. पाय दाबला की ठरलेली तार यंत्राने ताणली जाते, बाकीच्या जशाच्या तशा वाजत राहतात.

कंट्रीत जी जुळणी चालते तिला ई नाइन म्हणतात. दहा तारा असतात. पांढरी तीन, म्हणजे ई हा सूर षड्ज धरला, तर वादकापासून सगळ्यात दूरच्या पहिल्या तारेपासून क्रम असा लागतो : तार रिषभ, मध्य निषाद, तार गंधार, तार षड्ज, पंचम, गंधार, रिषभ, षड्ज, मंद्र कोमल निषाद, मंद्र पंचम. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या आहेत. हवाईनच्या सवयीने बोट तिथे हमखास फसते, तेव्हा आधी क्रम तोंडपाठ करा.

आता चौथी, पाचवी आणि सहावी तार एकत्र छेडा. सा, प, ग मिळाले. पहिले पेडल, ज्याला ए म्हणतात, पाचव्या आणि दहाव्या तारेचा पंचम धैवतावर नेते. दुसरे, बी, तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा गंधार मध्यमावर नेते. दोन्ही एकाच पायाने दाबली की सा-ग-प चे सा-म-ध होते. षड्ज जागेवर, बाकी दोन सूर वर सरकलेले. तुम्ही ऐकता तो आवाज हाच. तिसरे पेडल, सी, चौथी तार षड्जावरून रिषभावर आणि पाचवी धैवतावर नेते. शिवाय गुडघ्याने ढकलायच्या लिव्हर असतात. त्यांतल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या : एक चौथी आणि आठवी तार अर्धा स्वर चढवते, दुसरी त्याच तारा अर्धा स्वर उतरवते.

ही कल्पना हळूहळू घडली. १९५४ साली गाजलेल्या, गायक वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबले आणि सूर सरकताना लोकांना ऐकू आला. त्याच्या वाद्यात दोन्ही बदल एकाच पेडलवर होते. ते दोन पेडलांवर वेगळे काढले बडी एमन्स या वादकाने. त्यामुळे नुसता पंचम किंवा नुसता गंधार हलवणे शक्य झाले. आजच्या वादनाची जी ओळख आहे, ती आमच्या मते या एका फेरफारातून आली.

सरावासाठी एकच कॉर्ड तीन ठिकाणी शोधा. सी मेजर कॉर्ड आठव्या फ्रेटवर काहीही न दाबता मिळते, तिसऱ्या फ्रेटवर ए आणि बी दाबून मिळते, आणि अकराव्या फ्रेटवर ए पेडल व चढवणारी लिव्हर मिळून मिळते. या तिन्हींमध्ये डोळे न लावता ये-जा करता आली की निम्मे वाद्य हातात आले.

प्रश्न : अमेरिकेतले नातेवाईक जुने वाद्य पाठवायला तयार आहेत. कोणते घ्यावे, काय विचारावे? (मानेवाडा)

उत्तर : एका गळ्याचे, दहा तारांचे, तीन पेडल आणि गुडघ्याच्या किमान चार लिव्हर असलेले घ्या. दोन गळ्यांच्या वाद्यात दुसरा गळा सी सिक्स्थ जुळणीचा असतो. ती वेस्टर्न स्विंग आणि जॅझच्या अंगाने जाते. पहिली काही वर्षे तो गळा नुसता मनगट टेकायला लागतो आणि वजन वाढते ते वेगळेच. एका गळ्याचे वाद्य पेटीसकट वीस किलोच्या आसपास भरते, दोन गळ्यांचे तीसच्या पुढे.

फोटो वरून नको, खालून मागवा. वरची पॉलिश काही सांगत नाही. वाद्य उलटे ठेवून काढलेल्या फोटोत आडवे दांडे, त्यांवरचे बेलक्रँक (रॉडला ओढ देणारे छोटे हात) आणि उजवीकडे चेंजरकडे जाणारे लांब रॉड स्पष्ट दिसले पाहिजेत. चेंजर म्हणजे उजव्या टोकाचा तो भाग, जिथे प्रत्येक तार एका अर्धगोल धातूच्या बोटावरून खाली उतरते. प्रत्येक तार चढवताही आली पाहिजे आणि उतरवताही. नवशिक्यांसाठी म्हणून बनवलेल्या काही जुन्या स्वस्त वाद्यांत हे होत नाही आणि पुढे लिव्हर वाढवताही येत नाही. असले वाद्य फुकट मिळाले तरी नको.

पेडलांचा क्रमही विचारा. डावीकडून ए, बी, सी असेल तर ती एमन्स पद्धत, सी, बी, ए असेल तर जिमी डेच्या नावाने चालणारी डे पद्धत. वाईट कुठलीच नाही, पण शिकवणीचे बहुतेक साहित्य एमन्स पद्धतीचे असते. पाय चार, पेडलचे रॉड तीन, पेडलची पट्टी आणि नायलॉनचे नट फिरवायची चावी हे सगळे सोबत आहे का, हे लेखी घ्या. या वस्तू मागाहून मिळवताना फार वेळ जातो.

प्रश्न : मोबाइलच्या ट्यूनरवर प्रत्येक तार काटा शून्यावर आणून लावतो, तरी कॉर्ड खरखरीत लागते. पेडल दाबल्यावर तर जास्तच. वाद्यात दोष आहे का? (महाल)

उत्तर : वाद्य ठीक आहे, शून्य चुकीचे आहे. ट्यूनर समान अंतराचे, म्हणजे हार्मोनियमचे बारा स्वर दाखवतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोत हा फरक खपून जातो, कारण सूर लगेच विरतो. स्टीलचा सूर लांबत राहतो, त्यामुळे कंप कानाला टोचतो. म्हणून हे वाद्य गंधार उतरवून लावतात. हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, त्याचा कान आधीच तयार असतो.

षड्ज शून्य धरून बाकीचे आकडे असे. पंचम २ सेंट वर. दोन्ही गंधार १४ खाली. दुसऱ्या तारेचा शुद्ध निषाद १२ खाली. नवव्या तारेचा कोमल निषाद ४ खाली. पहिल्या आणि सातव्या तारेचा रिषभ ४ वर. आता पेडल : बीचा मध्यम २ खाली, एचा धैवत १६ खाली. चढवणाऱ्या लिव्हरने षड्जाचा जो सूर होतो, तो धैवताच्या कॉर्डचा गंधार असतो. म्हणून त्याला धैवताच्याही १४ खाली, म्हणजे ३० खाली न्यावे लागते. आकडा भयंकर वाटतो, कानाला मात्र बरोबर वाटतो. उतरवणाऱ्या लिव्हरचा निषाद १२ खाली.

सी पेडलवर गंमत आहे. तिथला रिषभ धैवताशी षड्ज-पंचम भावाने जुळवायचा तर तो १८ खाली येतो, आणि पहिल्या तारेचा मोकळा रिषभ तर ४ वर आहे. दोघांत २२ सेंटचे अंतर. आपल्याकडे चतुःश्रुती आणि त्रिश्रुती रिषभातला प्रमाणश्रुतीचा फरक म्हणतात, तो हाच. म्हणून सी पेडल दाबून पहिली किंवा सातवी तार सोबत वाजवली की खटकते. यंत्र कितीही चांगले असले तरी हे मिटत नाही. काही वादक मोकळा रिषभ थोडा उतरवून मधला तोडगा काढतात, काही त्या तारा एकत्र वाजवायचेच टाळतात. आम्हाला दुसरा मार्ग बरा वाटतो.

लावण्याचा क्रम मोडू नका. आधी काहीही न दाबता दहाही तारा डावीकडच्या खुंट्यांनी लावा. मग पेडल शेवटपर्यंत दाबून धरा आणि उजव्या टोकाच्या पट्टीतून डोकावणारा त्या तारेचा नायलॉनचा नट चावीने फिरवा. पेडल झाली की लिव्हर. शेवटी मोकळ्या तारा पुन्हा तपासा. पेडल दाबलेले असताना खुंटीला हात लावला की सगळे गणित बिघडते.

सोबत कीबोर्ड आणि बास असतील तर षड्जच १० सेंट वर घ्या आणि वरचे सगळे आकडे त्यात मिळवा. गंधार मग ४ खाली येतो आणि कीबोर्डशी भांडत नाही. आणखी एक, ए आणि बी एकदम दाबली की वाद्याचा सांगाडा किंचित वाकतो आणि चौथी तार उतरते. ट्यूनर लावून पाहा. दोन ते पाच सेंट हे सर्वसाधारण आहे. दहाच्या पुढे जात असेल तर पाय आणि सांगाड्याचे सांधे सैल आहेत का, ते बघा.

प्रश्न : पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येत नाही. कधी चढी राहते, कधी उतरी. (कामठी)

उत्तर : चढी की उतरी, यावरच निदान ठरते. तेव्हा ‘कधी कधी’ सोडून एकेक तार तपासा आणि वहीत लिहा.

चढवून सोडल्यावर तार चढीच राहिली, तर चेंजरचे बोट पूर्ण खाली बसलेले नाही. पहिला संशय नायलॉनच्या नटवर घ्या. तो इतका आवळला असेल की पेडल सोडले तरी रॉड बोटाला ओढून धरतो. काहीही न दाबता तार छेडा आणि नट थोडा थोडा सैल करा. सूर उतरू लागला तर रोग सापडला. सूर उतरायचा थांबला की तिथून आणखी अर्धा फेरा सैल करा, तार खुंटीने लावा आणि मग पेडलचा सूर नव्याने लावा. पेडलचा सूर आता पोचत नसेल, तर पेडलची चाल कमी पडते आहे. खालचा स्टॉपचा स्क्रू बघा. नट सैल करून फरक पडला नाही तर बोटांच्या मधे घाण आहे.

चढवून सोडल्यावर तार उतरी झाली तर चेंजरला हात लावू नका, डावीकडे जा. तार ताणली गेली तेव्हा डाव्या टोकाला ती ज्यावर टेकते त्या नटवरच्या (हा नायलॉनच्या नटपेक्षा वेगळा) रोलरवरून थोडी उजवीकडे सरकली आणि रोलर अडकल्याने परत गेली नाही. खात्री करायची तर रोलर आणि खुंटीच्या मधली तार बोटाने हलकेच दाबून सोडा. सूर जागेवर आला तर रोलरच दोषी. तार सैल करून बाजूला घ्या, रोलर काढा, त्याचा आस पुसा, तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. खुंटीवर तारेचे सहा-सात वेढे असतील तर तेही कमी करा, तीन पुरतात.

उतरवणारी लिव्हर सोडल्यावर तार उतरीच राहत असेल, तर चेंजरमागची परतीची स्प्रिंग थकली आहे किंवा निसटली आहे.

आपल्याकडे धूळ फार, म्हणून वर्षातून एकदा चेंजर धुवा. तारा काढा, वाद्य खाली जुने कापड घालून उभे करा, व्हाइट पेट्रोल बारीक ब्रशने बोटांच्या फटींत सोडा आणि प्रत्येक पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा. काळे पाणी यायचे थांबले की वाळू द्या. मग शिलाई मशिनचे तेल, प्रत्येक बोटाला एक थेंब. हे काम मोकळ्या हवेत करा, देवघराजवळ किंवा गॅसजवळ मुळीच नको. ग्रीस लावू नका, धूळ धरून लगदा होतो. खोबरेल तर नकोच, थंडीत ते गोठते आणि जानेवारीच्या सकाळी पेडल जड लागते.

प्रश्न : तिसरी तार सारखी तुटते. इथे पेडल स्टीलच्या तारा मिळत नाहीत. (वर्धा)

उत्तर : तिसरी सगळ्यांचीच तुटते. सुमारे २४ इंच लांबीवर ०.०११ इंचाची तार इतकी वर लावायची आणि पुन्हा बी पेडलने अर्धा स्वर चढवायची, म्हणजे ती तुटायच्या मर्यादेजवळच काम करते. त्यात चेंजरच्या बोटावर ती एकाच जागी वाकत-सरळ होत राहते. तुटलेले टोक कुठे आहे ते पाहा. बोटाच्या माथ्यावर तुटत असेल तर तिथे तारेने खाच पाडली आहे. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तारेच्या दिशेने हळुवार घासा आणि नवी तार लावण्यापूर्वी तेलाचे बोट फिरवा. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची धार घासून बोथट करा. रोज तास-दोन तास वाजवणाऱ्याने ही तार तुटायची वाट न पाहता दोन-तीन आठवड्यांनी बदलावी.

संच मिळत नाही म्हणून अडून राहू नका. बर्डीवरच्या गिटारच्या दुकानांत विचारायचे ते गेजने, म्हणजे इंचाच्या हजारांशात मोजलेल्या जाडीने, तारेच्या नावाने नव्हे. लागणारे गेज पहिल्यापासून पाचवीपर्यंत १३, १५, ११, १४, १७. इलेक्ट्रिक गिटारच्या ११ च्या संचातल्या पहिल्या दोन तारा सहसा ११ आणि १४ असतात, म्हणजे तुमची तिसरी आणि चौथी. अकूस्टिकच्या १३ च्या संचातल्या पहिल्या दोन १३ आणि १७, म्हणजे पहिली आणि पाचवी. अकूस्टिकच्या ११ च्या संचातली दुसरी बहुधा १५, ती तुमची दुसरी. पाकिटावरचे आकडे वाचूनच घ्या, कारण कंपनीगणिक थोडे बदलतात. या पाचही साध्या पोलादी तारा आहेत, पिकअपला, म्हणजे तारांची कंपने टिपून अँपकडे पाठवणाऱ्या चुंबकी भागाला, चालतात. वळणाच्या तारा मात्र अकूस्टिकच्या घेऊ नका. त्यांच्यावर ब्राँझ असते आणि चुंबकी पिकअपमधून त्यांचा आवाज फिका येतो. खालच्या चार-पाच तारा बाहेरून मागवा, त्या महिनोन्महिने टिकतात.

प्रश्न : उन्हाळ्यात अँपमधून जोरात गुणगुण येते. अँप अमेरिकेतून आणला आहे. (सदर)

उत्तर : आधी अँपची मागची पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिले असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर एक क्षणही लावू नका. ट्रान्सफॉर्मरची क्षमता पाटीवरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट हवी. तीन पिनांचे अर्थिंग कायम ठेवा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन कापणारे लोक भेटतात, त्यांचे ऐकू नका. तुमचा हात सतत धातूच्या बारवर आणि तारांवर असतो, जिवाशी खेळ होतो.

मग व्हॉल्यूम पेडल पूर्ण बंद करा. गुणगुण तशीच राहिली तर ती अँप किंवा वायरिंगची आहे. बंद झाली तर ती पिकअपमधून येते. पुष्कळ पेडल स्टीलवर सिंगल कॉइल पिकअप असतो आणि तो आसपासचे चुंबकी क्षेत्र पकडतो. उन्हाळ्यात तुमच्या खोलीत नवीन काय आले असेल, तर कूलर. त्याची मोटर, जुन्या ट्यूबलाइटची चोक, पंख्याचा रेग्युलेटर आणि तुमचा स्टेप-डाऊन, हे सगळे संशयित. वाद्य उचलून काटकोनात फिरवा. गुणगुण कमी-जास्त झाली तर दिशा सापडली. ट्रान्सफॉर्मर सहा-आठ फूट लांब ठेवा.

कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नये याचे दुसरेही कारण आहे. गार हवेने बारीक तारा जाड्यांच्या आधी आखडतात, त्यांचा सूर चढतो, आणि कूलर बंद केला की उतरतो. ओलसर हवेने गंज चढतो तो वेगळाच. खोलीत आणल्यावर अर्धा तास वाद्य तसेच राहू द्या, मग लावा. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या कापडाने पुसा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाद्य ठेवणे म्हणजे लाकडाचे सांधे आपणच उकलणे.

प्रश्न : कोणाला ऐकावे? (इतवारी)

उत्तर : एमन्स आणि लॉइड ग्रीन यांच्यापासून सुरुवात करा. ग्रीनची किमया व्हॉल्यूम पेडलमध्ये आहे. सूर विरू लागतो तसा तो पाय किंचित पुढे नेतो, त्यामुळे सूर एकाच उंचीवर राहतो. नवशिके पेडल शून्यापासून उघडतात आणि प्रत्येक सूर रडका येतो. अर्ध्यावर छेडा आणि उरलेला अर्धा प्रवास सूर टिकवायला ठेवा. टोकदार, तुटक फेकीसाठी राल्फ मूनी, आणि आजच्या स्टुडिओ वादनासाठी पॉल फ्रँकलिन. दोन सुरांमधली शांतता नीट ऐका. ती उजव्या तळहाताच्या कडेने तारा दाबून मिळवलेली असते आणि डाव्या हाताइतकीच मेहनत मागते.

प्रश्न : हवाईनचाच बार चालेल का? अनवाणी वाजवले तर? (हिंगणा)

उत्तर : हवाईनचा बार दहा तारांना पुरत नाही. पेडल स्टीलचा बार ७/८ इंच व्यासाचा आणि सव्वातीन इंच लांब असतो. तुमच्या तर दाराशी एमआयडीसी आहे. लेथवाल्याला स्टेनलेस स्टीलचा २२ मिलिमीटरचा गोल दांडा ८३ मिलिमीटर लांब कापायला सांगा. एक टोक पूर्ण अर्धगोल, दुसऱ्या टोकाला अंगठा बसेल एवढा उथळ खळगा. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरेल. मग बफवर आरशासारखी चकाकी येईपर्यंत पॉलिश, कारण नखाला जाणवणारी प्रत्येक रेघ अँपमधून ऐकू येते. बार पडून टोक चेपले तर तोच भाग पुन्हा पॉलिश करून घ्या.

अनवाणी नको. ए आणि बी एकाच पावलाने, घोटा डोलवून, वेगवेगळी दाबावी लागतात आणि अरुंद पेडलची कड तळव्यात रुतते. पातळ, सपाट तळाचे कॅन्व्हासचे बूट घाला. खुर्ची हात नसलेली आणि इतक्या उंचीची घ्या की पाऊल पेडलवर ठेवल्यावर गुडघे दोन्ही बाजूंच्या लिव्हरच्या मधे, कुठेही न टेकता राहतील. मांडी वाद्याला खालून लागत असेल तर खुर्ची बदला, वाद्याचे पाय वाढवू नका. पाय वाढवले की पेडलचे रॉडही तेवढेच वाढवावे लागतात.